दुरुस्तीचा धंदा आणि सचोटी

व्यवहारांत माणूस फसण्याचे प्रकार अनेक आहेत. परंतु त्या सर्वांत दुरुस्तीच्या धंद्यांतील फसवणूक निराळ्या जातीची आहे, असें आम्हांस वाटतें. कापड घेणारा मनुष्य कापड बोटांत धरून पाहतो, धान्य घेणारी गृहिणी मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखते, आंबा घेणारा त्याचा वास घेतो. इतकें करूनहि जो फसला तो घरीं गेल्यावर तरी शहाणा होतो. कापड पहिल्याच धुण्यांत आटतें, तांदूळ पानांत वाढल्यावर कळतो, आणि पुढच्या खेपेस तें गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी चढत नाहीं. मोटारीच्या दुरुस्तीचें तसें नाहीं. मोटार अडली म्हणून आपण ती गॅरेजांत नेतों. मिस्त्री झांकण उघडून आंत पाहतो, मान हालवितो, आणि अमुक भाग गेला आहे, तो बदलावा लागेल, असें सांगतो. आपण होकार देतों. संध्याकाळीं मोटार चालूं लागते. आतां तो भाग खरोखरच गेला होता, कीं नुसती एक तार सैल झाली होती, हें आपणांस त्या दिवशीं कळत नाहीं आणि पुढेंहि कधीं कळत नाहीं. मोटार चालूं झाली ही गोष्ट खरी. पण ती कशानें चालूं झाली याचा साक्षीदार एकच, आणि बिल करणाराहि तोच!

ही फसवणूक तीन प्रकारची असते. जें काम करण्याची गरज नव्हती तें करणें हा पहिला प्रकार. जें केलेंच नाहीं त्याचे पैसे लावणें, किंवा जुनाच भाग पुसून-रंगवून नवा म्हणून बसविणें, हा दुसरा. आणि हातीं आलेली चांगली वस्तु मुद्दाम बिघडवून मग ती सुधारणें, हा तिसरा व अधम प्रकार. या तिन्हींत जाणारा पैसा हें उघड नुकसान आहे. पण आमच्या मतें त्याहून मोठें नुकसान दुसरेंच आहे. एकदां फसलेला मनुष्य पुढें खरें सांगणाऱ्यावरहि विश्वास ठेवीत नाहीं. ‘ब्रेकचे लायनर झिजले आहेत, घाटांत जाऊं नका,’ असें प्रामाणिक मिस्त्री कळकळीनें सांगतो. गिऱ्हाईक मनांत म्हणतें, ‘हा यांचा नेहमींचाच पैसे काढण्याचा मार्ग!’ आणि तशीच मोटार घेऊन, बायकामुलांसह, खंडाळ्याचा घाट उतरूं लागतें. लबाडाच्या खोटेपणानें खिसा रिकामा होतो. पण त्याच खोटेपणानें खऱ्या माणसाचा शब्द निकामी झाला म्हणजे तें जिवावर बेततें. म्हणून हा प्रश्न चार पैशांचा नव्हे, आणि निरनिराळ्या काळच्या समाजांनीं तो कसा सोडविला याचा इतिहास पाहणें अगदींच निरर्थक ठरणार नाहीं.

हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला, असें मात्र कोणी समजूं नये. इ. स. पूर्व अठराव्या शतकांत बाबिलोनचा राजा हम्मुराबी यानें जो कायदा दगडावर कोरविला, व जो दगड आज पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत उभा आहे, त्यांत दुरुस्तीच्या कामासंबंधीं एक कलम आहे. होडीच्या फळ्यांतील फटी बुजवून ती जलाभेद्य करून देणाऱ्या कारागिरानें काम नीट केलें नाहीं, आणि त्याच वर्षाच्या आंत होडींत दोष दिसून आला, तर त्यानें ती उकलून स्वतःच्या खर्चानें पुन्हा भक्कम करून दिली पाहिजे, असा त्या कलमाचा आशय आहे. आजचा दुकानदार ज्याला ‘एक वर्षाची हमी’ म्हणतो ती हीच. या कलमांतील शहाणपण लक्षांत घेण्यासारखें आहे. होडीचा मालक फटी कशा बुजवितात हें जाणत नसे आणि राजाहि जाणत नसे. म्हणून कायद्यानें कारागिराच्या मनांत काय होतें याची चौकशीच केली नाहीं. त्यानें निर्णयाचें काम पाण्याकडे सोंपविलें. वर्षभर पाणी आंत आलें नाहीं तर काम खरें. आलें तर खोटें.

आपल्याकडे कौटिल्यानें याच विषयाचा अधिक बारकाईनें विचार केलेला आढळतो. इ. स. १९०५ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं आलेल्या व १९०९ सालीं छापून निघालेल्या अर्थशास्त्राचें चौथें अधिकरण ‘कंटकशोधन’ या नांवाचें आहे. म्हणजे समाजाच्या पायांतले कांटे काढण्याचें. या अधिकरणाचा आरंभ खुनी किंवा दरोडेखोर यांच्यापासून होत नाहीं. त्याचा पहिलाच विषय ‘कारुकरक्षण’, अर्थात् कारागिरांपासून प्रजेचें रक्षण, हा आहे! काम कोठें, केव्हां व कोणतें करावयाचें हें आधीं ठरलेलें असावें; वेळ टळली तर वेतनाचा चौथा हिस्सा कापावा व त्याच्या दुप्पट दंड करावा, असा तेथें नियम आहे. धोब्यानें कपडे लांकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवावेत. अन्यत्र धुऊन ते फाटले तर नुकसानीची भरपाई व शिवाय सहा पण दंड. गिऱ्हाइकाचे कपडे धोब्यानें स्वतः वापरूं नयेत, म्हणून त्याच्या स्वतःच्या कपड्यांवर मुद्गराची खूण असावी. खूण नसलेला कपडा त्याच्या अंगावर दिसला कीं तीन पण दंड. ही खुणेची युक्ति आम्हांस फार मार्मिक वाटते. धोबी प्रामाणिक आहे कीं नाहीं, हें त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारावयास नको. रस्त्यानें जातांना नुसतें त्याच्या अंगाकडे पाहिलें कीं झालें.

सोनाराच्या बाबतींत तर कौटिल्य दुरुस्तीचा स्पष्ट उल्लेखच करतो. जुन्या दागिन्याची दुरुस्ती करतांना सोनें चोरण्याच्या चार रीती त्यानें नांवनिशीवार सांगितल्या आहेत: ठोकतांना तुकडा पाडणें, कापून घेणें, खरवडून घेणें आणि घासून घेणें. परंतु सोनाराच्या लबाडीवर एक जालीम उतारा गिऱ्हाइकाच्या हातीं होताच, तो म्हणजे तराजू. दागिना देतांना तोलावा, परत घेतांना पुन्हा तोलावा. होडीची परीक्षा पाणी करी, धोब्याची खूण करी, सोन्याची तराजू करी. या जुन्या कायद्यांचें बळ दंडाच्या आंकड्यांत नव्हतें. गिऱ्हाइकाला ज्ञान नसतांहि खरें-खोटें उघड करणारी कांहीं तरी वस्तु त्यांनीं मध्यें ठेविली होती, यांत होतें. मोटारीच्या दुरुस्तीला असा तराजू नाहीं, आणि येथूनच अर्वाचीन काळाची अडचण सुरू होते.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटार ही धनिकांची चैन होती. मालक मागें बसे. मोटार चालविणें, तिची निगा ठेवणें व ती मोडली तर दुरुस्त करविणें हीं सर्व कामें पगारी चालकाकडे असत. तेव्हां इंग्लंड-अमेरिकेंतील मोटार-मालकांची मोठी तक्रार चालकांविरुद्धच असे. गॅरेजवाले चालकांस टायर, तेल आणि दुरुस्ती यांवर गुप्तपणें दलाली देत; अर्थात् जितकें बिल मोठें तितकी दलाली मोठी, आणि जितकी दलाली मोठी तितक्या वेळां मोटार नादुरुस्त! पुढें १९०८ सालीं फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार निघाली, मोटारी स्वस्त झाल्या, आणि मध्यमवर्गीय मनुष्य स्वतःच चाक हातांत घेऊन बसूं लागला. मधला दलाल गेला खरा. पण त्याबरोबर मोटारीच्या पोटांतलें समजणारा घरचा मनुष्यहि गेला. आतां गिऱ्हाईक मिस्त्र्यासमोर एकटें उभें राहिलें.

यावर कारखानदारांनीं एक तोड काढली. प्रत्येक कामाला किती वेळ लागावा हें आधींच ठरवून त्याप्रमाणें मजुरीचा दर बांधून द्यावयाचा, मग प्रत्यक्षांत मिस्त्र्याला कमी वेळ लागो वा अधिक. तासावर पैसे असले म्हणजे आळशी हात सावकाश चालतो, हा दोष यानें गेला. परंतु दुसरा दोष आला. ठरलेल्या वेळाहून लवकर काम उरकणारास फायदा होऊं लागला, आणि ज्या कामाला दर बांधलेलाच नाहीं, म्हणजे बिघाड नेमका कोठें आहे हें शांतपणें शोधण्याचें काम, तें फुकटांत जाऊं लागलें. भाग शोधण्यापेक्षां भाग बदलणें किफायतीचें झालें. हा मुद्दा वाचकांनीं मनांत ठेवावा. कारण आमच्या समजुतीप्रमाणें या सर्व इतिहासाची किल्ली तोच आहे.

गॅरेजांतील लबाडीविषयीं कुरकूर सर्वत्र असली, तरी ती किती आहे हें कोणी मोजलें नव्हतें. तें काम १९४१ सालीं अमेरिकेंतील ‘रीडर्स डायजेस्ट’ या मासिकानें केलें. रॉजर रीस व जॉन पॅट्रिक या दोघां लेखकांच्या या पाहणीची युक्ति अगदीं साधी होती. चांगल्या स्थितींतील एक मोटार घ्यावयाची, गॅरेजच्या जवळ येतांच तिच्या इग्निशन कॉइलची एक तार सोडून ठेवावयाची, आणि ‘मोटार नीट चालत नाहीं, जरा पाहा,’ एवढेंच सांगून मिस्त्र्याच्या स्वाधीन करावयाची. तार सुटलेली कोणत्याहि जाणत्या मनुष्यास तत्काळ दिसावी आणि एका मिनिटांत ती जोडतां यावी, इतकी ती गोष्ट उघड होती. अमेरिकेच्या त्या वेळच्या सर्व अठ्ठेचाळीस संस्थानांत फिरून त्यांनीं ३४७ गॅरेजांची अशी परीक्षा घेतली. शेंकडा ६३ गॅरेजांनीं या ना त्या रीतीनें फसविलें: नसलेले रोग सांगितले, नको ते भाग बदलले, किंवा न केलेल्या कामाचे पैसे घेतले. रेडिओ व घड्याळें दुरुस्त करणाऱ्यांचीहि अशीच परीक्षा झाली. रेडिओवाल्यांचा निकाल गॅरेजवाल्यांसारखाच लागला, घड्याळवाल्यांचा थोडा बरा. पुढच्या वर्षीं हा सर्व मजकूर पुस्तकरूपानेंहि निघाला.

या पाहणीचें महत्त्व तिच्या आंकड्यांपेक्षां तिच्या रीतींत अधिक आहे. मोटारीला तराजू नव्हता. तो या लेखकांनीं तयार केला. बिघाड आपल्याच हातानें केलेला असल्यामुळें खरें उत्तर आधींच ठाऊक होतें, आणि मिस्त्र्याचें उत्तर त्याच्याशीं ताडून पाहतां येत होतें. पुढें सरकारी तपासनिसांनीं जें केलें तें याच मार्गानें.

या आंकड्यांवरून मिस्त्र्यांच्या जातीचेंच नीतिमत्त्व बिघडलें आहे, असा निष्कर्ष काढणें सोपें आहे; परंतु तो उथळ ठरेल. शेंकडा ६३ च्या उलट बाजूस जे शेंकडा ३७ प्रामाणिक निघाले त्यांचा विचार करा. ज्यानें मोटार उघडली, सुटलेली तार पाहिली, ती जोडली आणि हंसून गिऱ्हाइकास वाटेला लावलें, त्याच्या गल्ल्यांत काय पडलें? फार तर चार नाणीं, कित्येकदां कांहींच नाहीं. ज्यानें खोटें सांगितलें त्याला दिवसाची कमाई झाली. एका बाजूस सत्य आणि रिकामा गल्ला, दुसऱ्या बाजूस असत्य आणि भरलेला गल्ला, अशी मांडणी असतांना तिघांत एक मनुष्य सत्याच्या बाजूस राहिला, याचें आम्हांस अधिक कौतुक वाटतें.

ही गोष्ट पंडितांनीं शास्त्राच्या भाषेंत मांडण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. जॉर्ज ॲकरलॉफ या तरुण अर्थशास्त्रज्ञाचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील प्रबंध तीन नियतकालिकांनीं साभार परत केल्यावर अखेर १९७० सालीं प्रसिद्ध झाला. त्याच विचाराबद्दल त्यास २००१ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. विकणाऱ्यास वस्तूचा दोष ठाऊक आणि घेणाऱ्यास ठाऊक नाहीं, अशी स्थिति असली म्हणजे घेणारा सर्वच वस्तूंना वाईट समजून कमी किंमत देऊं करतो. त्या किंमतींत चांगली वस्तु विकणें परवडत नाहीं. म्हणून चांगला माल बाजारांतून उठतो आणि वाईट तेवढा उरतो, असें त्याचें थोडक्यांत म्हणणें. ॲकरलॉफ १९६७-६८ सालीं दिल्लीस येऊन राहिला होता, आणि आपल्याकडील गृहिणींना तांदळांत मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे निवडून काढावे लागतात, याचा दाखला त्यानें त्या प्रबंधांत दिला आहे. सूप घेऊन बसलेली आपली आजी जगाच्या अर्थशास्त्रांत अशा रीतीनें जाऊन पोंचली!

परंतु खडे निदान निवडतां येतात. मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनीं १९७३ सालीं याहून कठीण असा एक वर्ग दाखवून दिला. कांहीं माल विकत घेण्यापूर्वीं पारखतां येतो, कांहीं वापरल्यावर कळतो. पण कांहीं सेवा अशा आहेत कीं, त्यांची गरज होती कीं नव्हती हें घेतल्यावरहि समजत नाहीं, तेथें केवळ विश्वासावर चालावें लागतें. वैद्याची शस्त्रक्रिया आणि मिस्त्र्याची दुरुस्ती हीं याचीं उदाहरणें होत. रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असला म्हणजे रोग वाढविण्याचा मोह उत्पन्न होतो, हें यांतील मर्म. आम्हीं आरंभीं म्हटलें तेंच हें; फक्त त्यावर आतां शास्त्राची मोहोर उठली.

दरम्यान कायद्यानेंहि या प्रश्नास हात घातला होता. १९६८ सालापासून अमेरिकन सिनेटर फिलिप हार्ट यांच्या समितीनें मोटार-दुरुस्तीच्या धंद्याची जाहीर चौकशी आरंभिली, आणि १९७१ सालीं कॅलिफोर्निया संस्थानानें या धंद्यासाठीं स्वतंत्र कायदा करून पुढच्या वर्षापासून त्याच्या अंमलबजावणीसाठीं वेगळें खातेंच उघडलें. त्या कायद्याचीं मुख्य अंगें तीन. काम सुरू करण्यापूर्वीं लेखी अंदाज द्यावा, व गिऱ्हाइकाच्या संमतीवांचून त्याबाहेर जाऊं नये. झालेल्या कामाचें व घातलेल्या भागांचें कलमवार बिल द्यावें. आणि गिऱ्हाइकानें मागितल्यास काढलेला जुना भाग त्यास परत दाखवावा अथवा द्यावा. कौटिल्याशीं हें ताडून पाहिलें तर देश-कालाचें अंतर किती थोडें आहे, हें दिसेल. काम, काळ व मोबदला आधीं ठरवा, हा त्याचाच नियम. आणि जुना भाग ही धोब्याच्या मुद्गराप्रमाणें डोळ्यांना दिसणारी खूण.

एवढ्यानें सर्व सुरळीत झालें असेल, असें मात्र नाहीं. वीस वर्षांनीं त्याच कॅलिफोर्नियांत जें प्रकरण निघालें तें या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. सीअर्स ही तेव्हां अमेरिकेंतील प्रचंड दुकानांची पेढी होती. न आवडलेला माल परत घेऊन पैसे देण्याबद्दल तिची पिढ्यान् पिढ्या ख्याति. तिच्या मोटार-दुरुस्तीच्या शाखांविरुद्ध तक्रारी वाढूं लागल्या, तेव्हां सरकारी खात्याच्या गुप्त तपासनिसांनीं, ब्रेकचे झिजलेले लायनर सोडल्यास इतर बाबतींत उत्तम असलेल्या मोटारी त्या शाखांत नेल्या. ३८ फेऱ्यांपैकीं ३४ फेऱ्यांत गरज नसलेलें काम त्यांच्या गळ्यांत बांधण्यांत आलें. जादा आकारणी सरासरीनें सव्वादोनशें डॉलरांच्या घरांत गेली. जून १९९२ मध्यें खात्यानें हें जाहीर करून संस्थानांतील त्या पेढीच्या सर्व ७२ शाखांचे परवाने रद्द करण्याची मागणी केली.

हें कसें घडलें? त्या शाखांतले सर्व नोकर एकाएकीं दुर्जन झाले होते काय? तसें नव्हे. पेढीचा नफा घटला होता, म्हणून १९९० च्या सुमारास वरिष्ठांनीं नवी पद्धत घातली. मोटार पाहून सल्ला देणाऱ्या नोकरांना विक्रीवर दलाली मिळूं लागली. ठराविक वेळांत इतके शॉक ॲब्सॉर्बर, इतक्या स्प्रिंगा खपविल्याच पाहिजेत, असें प्रमाण बांधून देण्यांत आलें. मिस्त्र्यांचा ठरलेला पगार कमी करून त्यांची मिळकत कामांच्या संख्येवर नेण्यांत आली. ज्याचें काम गिऱ्हाइकाला खरें काय तें सांगणें, त्यालाच खोटें सांगितल्यावांचून पोट भरणें अवघड करून ठेविलें. मग शतकभर जपलेली अब्रू दोन वर्षांत गेली. पेढीचे अध्यक्ष एडवर्ड ब्रेनन यांनीं ही दलालीची पद्धत चुकांना कारण झाल्याचें कबूल करून ती बंद केली, आणि त्याच वर्षीं झालेल्या तडजोडींत कॅलिफोर्नियाला ऐंशीं लक्ष डॉलर व देशभरच्या सुमारें नऊ लक्ष गिऱ्हाइकांना प्रत्येकीं पन्नास डॉलरांच्या खरेदीच्या चिठ्ठ्या देण्याचें मान्य केलें. माणसें पुष्कळशीं तींच होतीं. बदलली होती ती मिळकतीची रीत. कारण दूर झाल्याशिवाय परिणाम टळत नाहीं, हा न्याय येथें लख्ख दिसतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. हिंदुस्थानांत स्वातंत्र्योत्तर काळीं तीन-चार दशकें मोटारींचे प्रकारच हातांच्या बोटांवर मोजण्याइतके होते. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट, पुढची पद्मिनी, ही मुंबईच्या रस्त्यावरची राणी. तिचें यंत्र साधें, भाग थोडे, आणि तेच ते वर्षानुवर्षें. त्यामुळें गल्लींतला मिस्त्री तिला ओळखी आणि मालकहि बराचसा ओळखी. प्लग साफ करणें, पॉइंट घासणें, फॅनचा पट्टा बदलणें हें पुष्कळ गृहस्थ रविवारीं सकाळीं स्वतः करीत. लबाडी त्या काळींहि होतीच, पण गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांच्या ज्ञानांतलें अंतर थोडें असल्यानें तिला मर्यादा होती. गेल्या शतकाच्या अखेरीपासून मोटारींत विजेचीं व गणकयंत्राचीं अंगें शिरलीं. झांकण उघडलें तरी आंत काय चाललें आहे तें दिसेनासें झालें. आतां निदान यंत्रालाच विचारावें लागतें, आणि तें यंत्र ज्याच्याजवळ त्याच्या हातीं सत्य!

मोटार-कंपन्यांनीं या स्थितीचा फायदा घेतला नसता तरच नवल. सुटे भाग, निदानाचीं साधनें व माहितीपुस्तिका या केवळ आपल्या अधिकृत विक्रेत्यांनाच द्यावयाच्या, बाहेरच्या मिस्त्र्यास द्यावयाच्या नाहींत, अशी पद्धत पडली. एका गिऱ्हाइकाच्या २०११ सालच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानें चौकशी केली, आणि ऑगस्ट २०१४ मध्यें १४ मोटार-कंपन्यांना मिळून सुमारें २,५४४ कोटि रुपयांचा दंड ठोठावला. त्या निर्णयास पुढें वरिष्ठ न्यायासनांपुढें आव्हान देण्यांत आलें. पण त्यांतील तत्त्व महत्त्वाचें आहे. दुसऱ्या वैद्याकडे जाण्याची वाटच बंद केली, तर पहिल्या वैद्याच्या शब्दाची परीक्षा व्हावी कशी? डिसेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून जी योजना आरंभिली तिच्यांत मोटारींचा अंतर्भाव आहे, तो याच कारणानें.

गिऱ्हाइकाच्या चळवळींत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे, हें अभिमानानें सांगण्यासारखें आहे. १९६६ सालीं मुंबईंत कांहीं स्त्रियांनीं एकत्र येऊन ‘कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी’ स्थापिली. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत सुरू केली, व तिची शाखा लवकरच मुंबईंतहि रुजली. या व अशा प्रयत्नांचें फळ म्हणजे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा. विकत घेतलेली वस्तूच नव्हे, तर पैसे देऊन घेतलेली सेवाहि सदोष असल्यास दाद मागतां येते, हें त्यानें प्रस्थापित केलें. आणि त्याच्या जागीं जुलै २०२० पासून अंमलांत आलेल्या १९१९ नव्हे, २०१९ च्या नव्या कायद्यानें केलेल्या कामाचें बिल न देणें हा प्रकारहि अनुचित व्यापारी प्रथांत घातला. म्हणजे ‘बिल कशाला हवें, उगीच कर पडेल,’ असें म्हणणारा गॅरेजवाला गिऱ्हाइकावर उपकार करीत नसून त्याचें एकमेव शस्त्र काढून घेत असतो.

या दीर्घ इतिहासापासून सामान्य कुटुंबानें काय घ्यावें? आमच्या मतें चार गोष्टी. मोटार काय करते तेवढेंच मिस्त्र्यास सांगावें, काय बदलावयाचें तें आपण सुचवूं नये. कारण आपण सुचविलें कीं आपलेंच अज्ञान त्याच्या बिलाची जबाबदारी घेतें. काम सुरू होण्यापूर्वीं लेखी अंदाज घ्यावा. काढलेला भाग मागून घ्यावा, मग तो आपणांस समजो वा न समजो. तो परत द्यावा लागणार आहे ही जाणीवच पुष्कळ काम करते. आणि काम मोठें असेल तर ज्यानें रोग सांगितला त्याच्याकडे लगेच औषध न घेतां दुसऱ्या जाणत्याचें मत घ्यावें.

परंतु पांचवी एक गोष्ट आहे, आणि ती या चारींहून अवघड आहे. कारण ती आपल्याच स्वभावाशीं झगडावयास लावते. मिस्त्र्यानें अर्धा तास वांकून, हात काळे करून, बिघाड शोधला आणि ‘कांहीं विशेष नाहीं साहेब, तार सैल होती, बसविली,’ असें सांगितलें, तर आपण काय करतों? ‘वा! छान झालें,’ म्हणतों आणि निघतों. त्यानें पैसे मागितलेच तर आपणांस राग येतो: ‘नुसतें पाहण्याचे कसले पैसे?’ डॉक्टरनें नाडी पाहून ‘कांहीं झालेलें नाहीं’ म्हटलें तरी त्याची फी आपण मुकाट्यानें देतों; वकिलाचा नुसता सल्लाहि विकत घेतों; पण मिस्त्र्याच्या ज्ञानाला आपल्या लेखीं किंमत नाहीं, किंमत आहे ती त्यानें घातलेल्या लोखंडाला. मग तो लोखंडच विकावयास शिकतो, यांत नवल तें काय? सीअर्सच्या वरिष्ठांनीं कागदावर नियम करून जें केलें, तेंच आपण घासाघीस करून दररोज करीत असतों: खरें बोलणारास उपाशी ठेवतों आणि मग सत्य मिळत नाहीं म्हणून रडतों.

बाबिलोनच्या कारागिराची परीक्षा पाण्यानें केली, सोनाराची तराजूनें. मोटारीच्या मिस्त्र्याची परीक्षा करणारी वस्तु कायदा कांहीं अंशीं देऊं शकतो, तीहि आपण मागितली तरच. पण परीक्षेंत जो उतरला त्याला उभें राहण्यास जागा देणें हें कायद्याचें काम नव्हे, तें गिऱ्हाइकाचें आहे. ‘कांहीं बदलावें लागणार नाहीं’ या वाक्याचे पैसे ज्या गांवांत आनंदानें दिले जातात, त्या गांवांत ‘ब्रेक बदलल्याशिवाय घाट उतरूं नका’ या वाक्यावरहि विश्वास ठेवतां येतो. लबाड मिस्त्र्यांना शिक्षा व्हावी, याविषयीं दुमत नाहीं. परंतु प्रामाणिक मिस्त्र्याला त्याच्या सत्याची मजुरी मिळावी, हें त्याहून अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.